बहिरा बँडमास्तर

“मला ऐकू येत नाही, साहेब,” मी म्हणालो.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणालात?”

“ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी.”

आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या काळी पुण्याच्या सेशन कोर्टात असा रिवाज होता. मोठ्या गुन्ह्याचा खटला उभा राहिला की गावातल्या लोकांना बोलवायचं, चिठ्ठ्या काढून त्यातली पाच माणसं निवडायची आणि बाकावर बसवायची. सगळं ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे त्या पाचांनी सांगायचं. ज्युरी म्हणायचे त्याला. माझ्या घरी बेलीफ समन्स घेऊन आला तो नेमका वैशाखात. वैशाखात बँडवाल्याला बोलावणं म्हणजे दिवाळीत हलवायाला बोलावण्यासारखंच की. दौलत ब्रास बँडचा मालक मी, क्लॅरिनेट वाजवणारा मी, पोरांना ताल देणारा मी. आणि तिसऱ्या दिवशी तर भुसार बाजारातल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलाची वरात होती. माझं डोकंच फिरलं. आमच्या आळीतला पानवाला म्हणाला, “मास्तर, सरळ बहिरे व्हा. बहिऱ्याला कोण ठेवून घेतंय?”

म्हणून मी बहिरा झालो.

“धंदा काय करता?” साहेबांनी विचारलं.

मी शहाण्यासारखा कानामागे हात नेला. शिरस्तेदार माझ्या कानाशी येऊन ओरडला, तेव्हा म्हणालो, “बँड आहे माझा.”

सगळं कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत.

“बहिरा माणूस बँड चालवतो?”

“बँडनंच बहिरा झालो, साहेब. इतकी वर्षं मोठा ढोल ह्याच कानांशी वाजतोय.”

हे उत्तर मला आदल्या रात्री सुचलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. साहेबांनाही ते पटलेलं दिसलं. त्यांनी लेखणी उचलली. आणि तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावर बँड सुरू झाला. कुठला तरी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. कोर्टाच्या खिडक्या सताड उघड्या. मी दगडासारखा उभा राहिलो. पहिलं कडवं सोसलं, दुसरं सोसलं, पण तिसऱ्याला कॉर्नेटवाल्यानं जो काही सूर लावला, त्यानं माझे डोळे आपोआप मिटले आणि तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं.

“काय झालं, मास्तर?” साहेबांनी अगदी हळू विचारलं. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं इतकं हळू.

“अर्धा सूर खाली आहे, साहेब. ऐकवत नाही हो.”

माझ्या लक्षात यायच्या आधी सगळ्या कोर्टाच्या लक्षात आलं. शिरस्तेदार टेबलाखाली काही तरी शोधायला वाकला.

“कुणाचा बँड आहे हा?” साहेब म्हणाले.

“माझाच,” मी म्हणालो. “मेव्हणा वाजवतोय.”

“बसा बाकावर,” साहेब म्हणाले. “तुमच्यासारखा कान असलेला माणूस मला हवाच आहे.”

बसलो. करतो काय. शेजारी लाकडाच्या वखारीचे रायकरशेठ होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मी पोटदुखीचं सांगितलं होतं. त्यांनी मला ओवा मागवून दिला.” त्यांच्या पलीकडे सायकलच्या दुकानाचे उस्मानभाई आणि एका दवाखान्यातले कंपाउंडर लोखंडे. आणि टोकाला पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर टिल्लू. आपण होऊन, खुशीनं आलेले आमच्यात ते एकटेच. त्यांनाच आम्ही फोरमन केलं, म्हणजे आमच्या वतीनं बोलणारा म्होरक्या.

खटला असा होता. मावळातल्या एका गावचे पाटील आनंदराव धुमाळ यांची मुलगी सुगंधा. वयानं सज्ञान, लग्नाची. त्याच गावातल्या शिंप्याचा मुलगा नामदेव हा पहाटे भिंतीवरून वाड्यात उतरला, त्यानं मुलीला ओढत बाहेर काढलं, पहिल्या एस.टी.त घातलं आणि बळजबरीनं लग्न लावायला आळंदीला घेऊन निघाला, अशी फिर्याद. वाटेतच पोलिसांनी दोघांना उतरवलं. गुन्हा शाबीत झाला तर नामदेवला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती.

पोरगा पिंजऱ्यात उभा होता. किडकिडीत, पण अंगातला सदरा असा बेतलेला की बघत राहावं. त्याचं म्हणणं एकच. “ती आपण होऊन आली. मी स्टँडवर थांबलो होतो. वाड्यात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही.”

“मग वाड्याची कडी आतून कोणी काढली?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“मला ठाऊक नाही.”

मग मुलगी आली. चांगली उंच, धीट चेहऱ्याची, पण नजर जमिनीला.

“ह्यानं तुला ओढून नेलं?”

तिनं मान वर करून कोपऱ्यात पाहिलं. तिथं आनंदरावांच्या शेजारी तिची आई गोदाबाई बसली होती. आईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. मुलीनं परत मान खाली घातली.

“हो,” ती म्हणाली.

पिंजऱ्यात नामदेवनं कठडा धरला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी ओरडतो, हा नुसता तिच्याकडे बघत राहिला.

गोदाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी झोपले होते. मला काही ठाऊक नाही.” एवढंच, आणि भराभरा जागेवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.चा कंडक्टर आला. मोठा तोऱ्याचा माणूस. बटणं लख्ख घासलेली.

“आरोपी मुलीला ओढत होता?”

“ओढतच होता म्हणायचं. तो आधी चढला आणि मनगटाला धरून तिला वर घेत होता. गाडी सुटली होती ना साहेब, ओढल्याशिवाय कशी येणार? मीसुद्धा दुसऱ्या हाताला धरून ओढलं.”

“मुलगी रडत होती?”

“रडत होती. आणि साहेब, माझी एक तक्रार आहे.” त्यानं बाही पुढे केली. “तिचा हात दह्यानं बरबटलेला होता. नवा कोट होता माझा. ह्याची भरपाई कोण देणार?”

कोर्टात हशा पिकला. मी तर पोट धरून हसलो. साहेब म्हणाले, “दह्याचं राहू द्या आता,” आणि कंडक्टर तणतणत खाली उतरला.

संध्याकाळी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना रायकरशेठ म्हणाले, “उद्या सांगून मोकळे होऊ. मुलगी स्वतःच्या तोंडानं हो म्हणते, मग राहिलं काय? मला दोन मुली आहेत, मास्तर. असल्यांना सोडलं तर आमच्या पोरींनी घराबाहेर पडायचं कसं?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची वरात होती.

टिल्लूंनी छत्री काखेत मारली. “चाळीस वर्षं टपालात काढली मी. पत्ता नीट वाचल्याशिवाय पत्र पुढे सोडायची सवय नाही मला. उद्या बघू.”

“चिवट म्हातारा आहे,” रायकरशेठ माझ्या कानात म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी वेळेवर निघत होतो, तर आमच्या घरच्यांनी अडवलं. “अहो, थांबा. आज निकाल सांगायचाय ना तुम्हाला?”

“हो. आणि सांगून वरातीला पळायचंय.”

“हात पुढे करा.” आणि तिनं माझ्या तळव्यावर चमचाभर दही घातलं, वर साखर.

“मी काय परीक्षेला बसतोय?”

“परीक्षा त्या पोराची आहे. तुम्ही तपासणार. दही खा आणि डोकं थंड ठेवा. वरात वरात करून भलतंच काही तरी सांगून येऊ नका.”

आता हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. उशीर झाला होता म्हणून दही तसंच तळव्यावर घेऊन निघालो. चाटत चाटत बोळ ओलांडला. कोर्टाच्या मागच्या खोलीत पोचलो, तेव्हा बाकीचे चौघे आधीच बसले होते. रायकरशेठनी पानाचा डबा पुढे केला, मी हात घातला, आणि त्यांनी डबा झटकन मागे घेतला.

“अहो मास्तर, हात काय चिकट आहे तुमचा.”

“दही आहे. घरच्यांनी घातलं निघताना.”

“बघा, नाही तर कंडक्टरसारखी मीसुद्धा भरपाई मागीन.” रायकरशेठ हसले. आम्ही सगळेच हसलो. ते हसत हसत पानाला चुना लावायला लागले, आणि लावता लावता त्यांचं बोट थांबलं. हसणंही थांबलं.

“काय झालं शेठ?” उस्मानभाईंनी विचारलं. “पोटात परत दुखतंय?”

“माझी थोरली सासरी निघाली ना,” रायकरशेठ सावकाश म्हणाले, “तेव्हा हिनं तिच्या हातावर दही घातलं होतं. ती रडत होती, दही खाईना. तशीच मूठ मिटून टांग्यात बसली. माझ्या धोतराला लागलं सगळं.”

त्यांनी चुन्याचं बोट पानाला पुसलं.

“दही काय आपल्या हातावर आपणच घालतो?” शेठनी मला विचारलं.

“छे. घरातलं कोणी तरी घालतं. आई, नाही तर बायको.”

“आणि भिंतीवरून उतरून चोर पोरीला ओढून नेत असला, तर घरातलं माणूस दही घेऊन येतं?”

त्या मुलीनं उत्तर द्यायच्या आधी कोपऱ्यात कुणाकडे पाहिलं, ते मला आठवलं. मी समजत होतो ती बापाला भ्याली. ती बापाकडे बघत नव्हतीच.

“आईनं पाठवलं तिला,” मी म्हणालो. “चला, निर्दोष सांगून टाकू.”

“थांबा, थांबा,” टिल्लू म्हणाले. “काल तुम्ही दोषी सांगायला निघाला होता, आज निर्दोष सांगायला निघालात. पहाटे घुसळण चाललेली असेल, हात तसाही माखला असेल. आपण इथं बसून गोष्ट रचायची नाही.”

“मग करायचं काय?”

“विचारायचं. साहेबांच्या मार्फत साक्षीदाराला प्रश्न विचारायचा अधिकार आहे आपल्याला.” टिल्लूंनी कोट नीट केला. “लोखंडे, पाणी द्या जरा.”

तेव्हा मला कळलं, म्हाताऱ्यालाही धडधडत होतं.

कोर्ट भरलं. टिल्लू उभे राहिले. “साहेब, ज्युरीला गोदाबाई धुमाळ यांना एक प्रश्न विचारायचा आहे.”

वकील चुळबुळले. साहेबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि मान हलवली. गोदाबाई परत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आल्या. शपथ झाली. टिल्लूंनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला, तो साहेबांनी वाचला. एकदा मनात वाचला, मग आमच्या बाकाकडे पाहिलं, मग मोठ्यानं वाचला.

“बाई, त्या पहाटे तुमच्या मुलीच्या हातावर दही कोणी घातलं?”

गोदाबाईंचा हात पदराच्या टोकाकडे गेला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग नामदेवकडे, आणि त्याच्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले. देवाशपथ सांगतो, बँड फुंकताना दम धरतो तसा मी दम धरून बसलो होतो.

“मी घातलं,” त्या म्हणाल्या.

आनंदराव उठले. “गोदे, काय बोलतेस तू?”

“खाली बसा,” साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, पण आनंदराव बसले.

“कडी पण मीच काढली,” गोदाबाई म्हणाल्या. “पोरगा चांगला आहे. मालकांना सांगून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही. मग मीच म्हटलं, जा बाई. लग्नाला निघालेली लेक, साहेब. तिला काय तशीच रिकाम्या हातानं पाठवू?”

“मग परवा झोपले होते का म्हणालात?”

“घाबरले होते. आणि दह्याचं मला कुणी विचारलंच नाही.”

मागून सुगंधा उठली. सगळ्यांच्या देखत रडत म्हणाली, “आई, कशाला बोललीस गं? मी आपण होऊन गेले म्हटलं असतं, तर बाबांनी विचारलं असतं, कडी कोणी काढली. तुला घरात ठेवलं नसतं. म्हणून मी...” तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. “नामदेव, मला माफ कर.”

“मला वाटलंच होतं काही तरी असणार,” नामदेव म्हणाला. एवढे दिवस तुरुंगात काढलेला माणूस, आणि असा हसला की रायकरशेठनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

साहेबांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. विचार करायला आत जायचंय का विचारलं. आम्ही बाकावरच एकमेकांकडे पाहिलं. टिल्लू उठले.

“निर्दोष, साहेब. पाचही जण.”

साहेबांनी मायलेकींना खोट्या साक्षीबद्दल चांगले खडे बोल सुनावले, पण ते सुनावताना त्यांचाच आवाज गोड झाला होता. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “आपण वेळ काढून आलात, कोर्ट आभारी आहे. पुढची काही वर्षं आपल्याला बोलवू नये अशी मी शिफारस करतो.” आणि मग हळूच, पहिल्या दिवशीसारखंच हळू, “मास्तर, आता ऐकू येतं का?”

“येतं साहेब,” मी म्हणालो. “आणि ती शिफारस माझ्यापुरती नको. बोलवा मला परत.”

मला परत कुणी बोलावलं नाही. पुढे ती ज्युरीच बंद झाली. खूप वर्षं बेलीफ आळीत शिरला की मी दारात जाऊन उभा राहायचो, आणि तो आपला शेजाऱ्याकडे जायचा.

त्या दिवशीची व्यापाऱ्याची वरात गेलीच. मेव्हण्यानं कॉर्नेटवर तिची वाट लावली, आणि तो व्यापारी पुढच्या मुलाच्या लग्नाला दुसऱ्याच बँडकडे गेला. गेला तर गेला. मला त्याच्यापेक्षा मोठं लग्न मिळालं होतं.

ते लागलं आळंदीलाच, पंधरवड्याच्या आत. आनंदराव आले नाहीत. गोदाबाई कोर्टातून थेट भावाच्या घरी गेल्या होत्या, तिथूनच आल्या. पुढे नातू झाल्यावर आनंदराव त्यांना न्यायला गेले आणि दोन दिवस त्या भावाच्या ओट्यावर बसून राहिले, तेव्हा कुठं त्या निघाल्या. पण लग्नाच्या दिवशी मुलीकडची माणसं मोजकी होती, म्हणून आम्ही पाचही जण मुलीकडचे झालो. रायकरशेठ मामा होऊन सुगंधाच्या मागे उभे राहिले आणि सगळ्या मंगलाष्टका रडले. उस्मानभाईंनी नामदेवला नवी कोरी सायकल दिली, तिच्या हँडलला लोखंड्यांनी झेंडूची माळ बांधली. टिल्लू अक्षता वाटत होते, आणि प्रत्येकाला मिळाल्या की नाही हे दोनदा बघत होते. दोघांचे कपडे नामदेवनं स्वतः शिवलेले. आणि दौलत ब्रास बँड पूर्ण हजर, लाल डगले घालून. एकाही पोरानं कुरकुर केली नाही.

शेवटची मंगलाष्टका संपत आली. टाळी पडली की सुरुवात मीच करायची होती. क्लॅरिनेट तोंडाला लावणार, तोच गोदाबाई वाटी घेऊन समोर.

“मास्तर, हात पुढे करा.”

“अहो वहिनी, मला वाजवायचंय.”

“चांगल्या कामाला सुरुवात करताय ना? मग हात पुढे करा.”

त्या बाईला नाही कोण म्हणणार? हात पुढे केला. त्यांनी सढळ हातानं घातलं, चमचाभर नाही, चांगलं पळीभर. मी घाईघाईनं चाटून पुसून खाल्लं, तेवढ्यात टाळी पडली, तसाच हात वाद्यावर टाकला आणि फुंकलं. दही क्लॅरिनेटच्या चाव्यांमध्ये गेलं. एक चावी चिकटली ती सुटेचना. जो सूर निघाला, तो आमच्या बँडच्या इतिहासात कधी निघाला नसेल.

वऱ्हाडी नाचायला लागले होते. सुगंधा आणि नामदेव माझ्याकडे बघून हसत होते. मेव्हण्यानं कॉर्नेट खाली घेतली. इतकी वर्षं माझी बोलणी खाल्ल्यावर त्याला संधी मिळाली होती, ती तो कसा सोडेल? माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “दाजी, अर्धा सूर खाली आहे.”

मी क्लॅरिनेट क्षणभर तोंडातून काढली.

“मला ऐकू येत नाही,” मी म्हणालो, आणि वाजवत राहिलो.